लाइट जाऊन आली तरी वेळ बरोबर: घरच्या सर्व्हरवर क्रोनी बसवताना

दोन वर्षांपूर्वी गणपतीसाठी आम्ही आठ दिवस कोकणात गेलो, तेव्हा निघताना कोथरूडच्या घराचा मेन स्विच बंद केला होता. परत आल्यावर तो चालू केला, राउटर आणि घरचा सर्व्हर दोन्ही सुरू झाले, फोनवर वाय-फायची खूणही दिसू लागली. पण घरातल्या एकाही यंत्रावर एकही संकेतस्थळ उघडेना. हा सर्व्हर म्हणजे चौथ्या पिढीचा रास्पबेरी पाय, आणि घरातील सर्वांना संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते शोधून देण्याचे, म्हणजे डीएनएसचे, काम तोच करत असे. या छोट्या संगणकात बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे तो आठ दिवसांपूर्वीच्या तारखेवर जागा झाला. डीएनएसच्या उत्तरांवरील डिजिटल स्वाक्षऱ्या त्याला पुढच्या तारखेच्या वाटल्या, म्हणून त्याने ती उत्तरे नाकारली; आणि ज्यांना वेळ विचारायची त्या सर्व्हरांची नावेही याच मार्गाने शोधावी लागत असल्यामुळे त्याला बरोबर वेळ कळण्याचा रस्ताच बंद झाला. कारण सापडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. राउटर, तारा, इंटरनेटची जोडणी असे सगळे तपासून झाले होते, फक्त घड्याळाकडे पाहिले नव्हते.

घरी फोटो साठवण्यासाठी, कॅमेऱ्यांच्या चित्रणासाठी किंवा बॅकअपसाठी लिनक्सवर चालणारा लहानसा सर्व्हर ज्यांनी नुकताच उभा केला आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सर्व्हरवर इतर काहीही बसवण्याआधी घड्याळाची व्यवस्था लावावी, म्हणजे वेळ सतत जुळवत राहणारा क्रोनी हा प्रोग्राम बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

घड्याळ चुकते कशामुळे

संगणकातील वेळ एका स्फटिकाच्या कंपनांवरून मोजली जाते आणि कोणताही स्वस्त स्फटिक अगदी नेमक्या गतीने कंप पावत नाही. दहा लाखांत वीस भागांची चूक असेल, तर घड्याळ दिवसाला सुमारे १.७ सेकंद आणि महिन्याला जवळजवळ ५२ सेकंद पुढे किंवा मागे जाते. ही चूक तापमानाप्रमाणे बदलते, त्यामुळे माळ्यावर किंवा टीव्हीच्या कपाटात ठेवलेला सर्व्हर पुण्याच्या मे महिन्यात एका गतीने चुकतो आणि डिसेंबरच्या थंडीत दुसऱ्या गतीने. म्हणून एकदा हाताने वेळ लावून भागत नाही. कोणीतरी ती सतत तपासत आणि हळूहळू दुरुस्त करत राहावे लागते.

चुकीचा परिणाम लगेच दिसतो असेही नाही. लॉगिन करताना द्यावे लागणारे, दर ३० सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड सर्व्हर नाकारू लागतो, सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतीबाहेरची वाटू लागतात, बॅकअपचा प्रोग्राम नवी फाइल जुनी समजून सोडून देतो. कॅमेऱ्याचे चित्रण आणि दाराच्या सेन्सरची नोंद यांत अकरा मिनिटांचा फरक असेल, तर नेमके काय आधी घडले हे सांगताच येत नाही.

वेळ विचारण्याची रीत

नेटवर्कवरून वेळ जुळवण्याच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली. तिचा पहिला अधिकृत मसुदा १९८५चा आहे आणि आज प्रचलित असलेली चौथी आवृत्ती २०१०मध्ये प्रमाणित झाली. तिच्यातील मूळ कल्पना एकदा समजली की पुढे पडद्यावर दिसणारे आकडे आपोआप कळू लागतात, म्हणून येथे थोडे थांबू.

समजा, आपल्या सर्व्हरने त्याच्या घड्याळाप्रमाणे बरोबर दहा वाजता, म्हणजे शून्य सेकंदाला, प्रश्न पाठवला. समोरच्या सर्व्हरला तो त्याच्या घड्याळाप्रमाणे २.०२० सेकंदाला मिळाला, त्याने २.०२१ सेकंदाला उत्तर धाडले, आणि आपल्याकडे ते आपल्या घड्याळाप्रमाणे ०.०४१ सेकंदाला पोहोचले. जाण्याच्या टप्प्यातील फरक २.०२० आणि येण्याच्या टप्प्यातील १.९८०; या दोहोंची सरासरी काढली की आपले घड्याळ नेमके दोन सेकंद मागे आहे हे समजते, आणि जाण्यायेण्यात एकूण ०.०४० सेकंद गेले हेही. या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. तसे नसेल तर चूक राहते, पण ती एकूण प्रवासाच्या निम्म्याहून, म्हणजे येथे वीस मिलिसेकंदांहून, अधिक असू शकत नाही. जवळचा स्रोत का निवडायचा, याचे उत्तर याच हिशेबात आहे.

घरच्या कामासाठी काही मिलिसेकंदांची अचूकता पुरेशी असते. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांचे संकेत एकत्र जुळवताना सेकंदाच्या अब्जांश भागांचा हिशेब ठेवावा लागतो. तेवढी काटेकोरता इंटरनेटवरून मिळत नाही आणि आपल्याला तिची गरजही नाही.

डेबियन आणि उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांत सिस्टिमडी-टाइमसिंकडी नावाचा साधा प्रोग्राम आधीपासून असतो. लॅपटॉपला तो ठीक आहे, परंतु तो एका वेळी एकाच स्रोतावर विसंबतो आणि घरातील इतर यंत्रांना वेळ देऊ शकत नाही. माझी निवड क्रोनी आहे. तो अनेक स्रोत ताडून पाहतो, आपल्या स्फटिकाची चूक मोजून लक्षात ठेवतो, आणि अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीवरही चांगले काम करतो. आपल्याकडे या शेवटच्या गुणाची किंमत अधिक आहे.

आधी टाइमझोन पाहा

पुढील सर्व कमांड येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी घालून टंकाव्यात.

प्रथम टाइमडेटसीटीएल ही कमांड चालवावी. तिच्या उत्तरात स्थानिक वेळ, जागतिक वेळ म्हणजे यूटीसी, हार्डवेअर घड्याळाची वेळ आणि टाइमझोन दिसतो. टाइमझोन एशिया/कोलकाता नसेल तर पुढील कमांडने तो लावावा:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

येथे एशिया आणि कोलकाता यांची पहिली अक्षरे मोठी असतात. मुंबई किंवा पुणे यांच्या नावाने वेगळा पर्याय शोधू नये, तो नाही; सबंध देशाची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते. पुणे त्या रेखांशाच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे आपल्याकडे सूर्य सरासरी बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो, हे सूर्यघड्याळ करून पाहणाऱ्या मुलांना जरूर सांगावे.

एनटीपीला मात्र टाइमझोनशी काहीही कर्तव्य नसते; ती फक्त यूटीसी देते आणि त्यात साडेपाच तास मिळवण्याचे काम आपला संगणक करतो. यावरून निदानाची एक उपयुक्त खूण मिळते. घड्याळातील चूक नेमकी साडेपाच तासांची असेल, तर दोष नेटवर्कमध्ये नसून टाइमझोनमध्ये किंवा हार्डवेअर घड्याळात आहे. जुन्या विंडोज संगणकाचा सर्व्हर केला असेल तर हे हमखास घडते, कारण विंडोज हार्डवेअर घड्याळात स्थानिक वेळ ठेवते आणि लिनक्स तेथे यूटीसी आहे असे धरते. ते सुधारण्यासाठी सुडो टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी ० ही कमांड द्यावी. संगणक बंद करून चालू केला की दरवेळी तारीख अनेक वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर२०३२ ही नाण्याच्या आकाराची बॅटरी संपली आहे असे समजावे. ती बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळते आणि बदलायला पाच मिनिटे लागतात.

बसवणे आणि स्रोत निवडणे

डेबियन, उबुंटू आणि रास्पबेरी पायवर दोन कमांड पुरतात:

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्रोनी

क्रोनी बसताना टाइमसिंकडी आपोआप काढला जातो, आणि तसेच व्हायला हवे, कारण एकाच घड्याळाला दोन प्रोग्राम ओढू लागले तर वेळ कधीच स्थिर होत नाही. याच कारणासाठी कंटेनरच्या, म्हणजे एकाच यंत्रावर प्रोग्राम वेगवेगळे ठेवून चालवण्याच्या कप्प्याच्या, आत क्रोनी बसवू नये. कंटेनर मूळ यंत्राचेच घड्याळ वापरतात, म्हणून तो मूळ यंत्रावर एकदाच बसवावा.

मुख्य फाइल इटीसी फोल्डरातील क्रोनी फोल्डरात, क्रोनी.कॉन्फ या नावाने असते. तिच्यात पूल या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींच्या आधी # हे चिन्ह घालून त्या निष्क्रिय कराव्यात. आपल्या ओळी मात्र त्याच फोल्डरातील कॉन्फ.डी या उपफोल्डरात घर.कॉन्फ अशी वेगळी फाइल करून तिच्यात लिहाव्यात, म्हणजे पुढे प्रोग्रामची नवी आवृत्ती आली तरी त्या पुसल्या जाणार नाहीत. माझ्या फाइलची सुरुवात अशी आहे:

पूल इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट मॅक्ससोर्सेस ३
सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आयबर्स्ट
सर्व्हर १६२.१५९.२००.१२३ आयबर्स्ट

पहिली ओळ एनटीपी पूल या स्वयंसेवी प्रकल्पाच्या भारतीय विभागातून तीन सर्व्हर घेते. दुसरी ओळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची आहे, जिच्या आण्विक घड्याळांवर भारतीय प्रमाणवेळ सांभाळली जाते. तिसऱ्या ओळीत क्लाउडफ्लेअरच्या वेळ-सर्व्हरचा आकडी पत्ता आहे. तो नावाऐवजी मुद्दाम आकड्यांत का दिला, ते पुढे येईल. आयबर्स्ट या शब्दामुळे सुरुवातीचे काही प्रश्न दोन-दोन सेकंदांच्या अंतराने विचारले जातात आणि यंत्र सुरू झाल्यावर वेळ लवकर जुळते.

एकच स्रोत ठेवला तर तो चुकल्याचे कळत नाही. दोन ठेवले तर मतभेद कळतो, पण खरे कोण हे ठरवता येत नाही. तीन असतील तर एक चुकीचा ओळखून बाजूला काढता येतो, आणि चौथा असला की एखादा बंद पडला तरी हे साधते. म्हणून चारांपेक्षा कमी ठेवू नयेत. गूगलचा वेळ-सर्व्हर मात्र या यादीत मिसळू नये. पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ घालण्यासाठी कधीकधी यूटीसीमध्ये एक जादा सेकंद मिळवला जातो, असा शेवटचा सेकंद २०१६च्या अखेरीस मिळवला गेला. गूगल तो एकदम न मिळवता चोवीस तासांवर पसरवते, त्यामुळे त्या काळात त्याचे उत्तर इतरांशी जुळत नाही.

नोकरीच्या ठिकाणी सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट नमूद करतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी संस्था यांनी आपली घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी जुळवणे अपेक्षित आहे. घरच्या सर्व्हरवर असे बंधन नाही.

उडी मारायची की हळूहळू सरकायचे

मुख्य फाइलमध्ये मेकस्टेप १ ३ अशी ओळ आधीपासून असते आणि ती तशीच ठेवावी. तिचा अर्थ असा की चूक एका सेकंदाहून मोठी असेल तर घड्याळाने थेट उडी मारून बरोबर वेळेवर यावे, परंतु ही मुभा क्रोनी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच असावी. त्यानंतर क्रोनी घड्याळाची गती किंचित वाढवून किंवा कमी करून त्याला वेळेवर आणतो. नवशिक्यांना ही अट जाचक वाटते आणि ते तीनच्या जागी -१ लिहून उडी कायमची खुली करतात. तसे करू नये. चालू यंत्राचे घड्याळ अचानक मागे गेले तर ठरावीक वेळी होणारे काम दोनदा होऊ शकते, आणि डेटाबेसमध्ये नंतरची नोंद आधीच्या वेळेची दिसू लागते. क्वचित गरज पडली तर सुडो क्रोनीसी मेकस्टेप ही कमांड हाताने देता येते.

ड्रिफ्टफाइलच्या ओळीमुळे स्फटिकाची मोजलेली चूक डिस्कवर जपली जाते आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर क्रोनीला ती नव्याने शिकावी लागत नाही. आरटीसीसिंकच्या ओळीमुळे साधारण दर अकरा मिनिटांनी बरोबर वेळ हार्डवेअर घड्याळात उतरवली जाते. या दोन्ही ओळी तशाच असू द्याव्यात.

लाइट गेल्यानंतरचा पेच

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे येऊ. गुरुवारी काही तास लाइट नसणे पुणेकरांना नवे नाही, आणि पावसाळ्यात तर वेळापत्रकाबाहेरही ती जाते. सर्व्हर स्वतःच घराचा डीएनएस असेल, त्याने स्वाक्षऱ्या तपासण्याची सोय चालू ठेवली असेल आणि यंत्रात बॅटरीचे घड्याळ नसेल, तर वेळेसाठी डीएनएस लागतो आणि डीएनएससाठी वेळ लागते, असा पेच पडतो. थोड्या तासांच्या खंडात तो बहुधा दिसत नाही, कारण जुना रास्पबेरी पाय बंद होण्यापूर्वीची शेवटची वेळ डिस्कवर लिहून ठेवतो आणि स्वाक्षऱ्यांच्या तपासणीत काही सवलत असते. खंड दिवसांचा झाला की तो उभा राहतो. म्हणूनच हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो आणि नेमका लांबच्या सुट्टीवरून परतल्यावर भेटतो.

यावर पहिला उपाय म्हणजे वर दिलेला आकडी पत्ता. तो शोधण्यासाठी डीएनएसची गरज नसल्यामुळे वेळ निदान एका ठिकाणाहून मिळते, घड्याळ उडी मारून योग्य तारखेवर येते, आणि मग डीएनएस व बाकीचे स्रोत आपोआप मार्गी लागतात. आकडी पत्ते बदलू शकतात, म्हणून वर्षातून एकदा तो चालू आहे ना हे पाहावे आणि त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

दुसरा उपाय खरा पक्का आहे, तो म्हणजे यंत्रालाच बॅटरीचे घड्याळ देणे. डीएस३२३१ या चिपचे छोटे मॉड्यूल पायच्या पिनांवर बसते आणि नेहमीच्या तापमानात वर्षाला साधारण एका मिनिटापेक्षा जास्त चुकत नाही. पाचव्या पिढीच्या पायमध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी विकत घेऊन जोडावी लागते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. मी स्वतः दोन्ही उपाय योजले आहेत.

एनटीपीची उत्तरे वाटेत कोणी बदलू नयेत म्हणून एनटीएस नावाची सुरक्षित पद्धत २०२०मध्ये प्रमाणित झाली आणि क्रोनीच्या चौथ्या आवृत्तीपासून ती वापरता येते. ती चांगली आहे. पण तिच्यात प्रमाणपत्राची मुदत तपासली जाते, म्हणजे घड्याळ नसलेल्या यंत्रावर पुन्हा तोच पेच. बॅटरीचे घड्याळ बसवल्यानंतरच तिच्याकडे वळावे.

तपासणी

फाइल जतन करून सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट क्रोनी ही कमांड द्यावी, दहा मिनिटे थांबावे आणि मग क्रोनीसी सोर्सेस चालवावे. प्रत्येक स्रोताच्या ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते: तारा म्हणजे सध्या मानलेला मुख्य स्रोत, अधिक म्हणजे त्याच्यासोबत हिशेबात धरलेला, उणे म्हणजे चांगला पण न घेतलेला, प्रश्नचिन्ह म्हणजे उत्तर न देणारा किंवा अजून न पारखलेला, आणि एक्स म्हणजे इतरांच्या मते चुकीचा. रीच या रकान्यात ३७७ दिसले तर शेवटच्या आठही प्रश्नांना उत्तरे मिळाली आहेत. हा आकडा अष्टमान पद्धतीचा आहे, त्यामुळे तो शंभराच्या वर कसा, असा गोंधळ होऊ देऊ नये. सर्वच ओळींत रीच शून्य राहिला, तर राउटर किंवा फायरवॉल यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे एनटीपीच्या वाटेने, काही बाहेर जाऊ देत नाही, असा संशय घ्यावा.

क्रोनीसी ट्रॅकिंग ही कमांड आपल्या घड्याळाची सध्याची चूक दाखवते. माझ्याकडे फायबरच्या जोडणीवर ती बहुतेक वेळा दोन मिलिसेकंदांच्या आत असते. त्याच उत्तरातील फ्रिक्वेन्सीची ओळ स्फटिकाची चूक दहा लाखांतील भागांत सांगते. हा आकडा उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात एकदा वहीत टिपून ठेवावा, ऋतूचा परिणाम स्वतःच्या यंत्रावर पाहायला मिळतो.

घरातील इतरांना वेळ देणे

क्रोनी आपणहून कोणालाही वेळ देत नाही. तशी परवानगी लिहावी लागते. घरचे नेटवर्क १९२.१६८.१ने सुरू होत असेल तर घर.कॉन्फमध्ये ही ओळ वाढवून क्रोनी पुन्हा सुरू करावा:

अलाउ १९२.१६८.१.०/२४

राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरला कायमचा एकच पत्ता नेमून द्यावा, आणि मग प्रत्येक कॅमेऱ्याच्या वेळेच्या पानावर एनटीपी सर्व्हर म्हणून तो लिहावा. त्याच पानावर टाइमझोन +५:३० आहे ना, हेही पाहावे. यामुळे कॅमेऱ्यांना वेळेसाठी इंटरनेटवर सोडण्याची गरज उरत नाही. मोबाइल फोनना हात लावू नये, ते आपली वेळ स्वतः घेतात. सर्व्हरवर फायरवॉल असेल तर १२३ क्रमांकाचे यूडीपी पोर्ट फक्त घरच्या नेटवर्कसाठी उघडावे. राउटरवर मात्र ते बाहेरच्या जगासाठी कधीही उघडू नये, कारण उघडे वेळ-सर्व्हर तिसऱ्यावरच हल्ला करण्यासाठी वापरले गेल्याची उदाहरणे आहेत.

लोकल स्ट्रॅटम १० अशी एक ओळ अनेक ठिकाणी सुचवलेली आढळते. इंटरनेट नसतानाही सर्व्हरने घराला वेळ देत राहावे, हा तिचा हेतू आहे. ती बॅटरीचे घड्याळ असलेल्या यंत्रावरच ठीक आहे. ते नसेल, तर लाइट आल्यावर आणि इंटरनेट येण्यापूर्वी सर्व्हर आपली चुकीची तारीखच खरी म्हणून सगळ्या कॅमेऱ्यांना देऊन टाकतो. एकदा जुळलेली वेळ क्रोनी जोडणी तुटल्यावरही काही काळ देत राहतोच, त्यामुळे बहुतेक घरांत या ओळीची गरज भासत नाही.

सगळे बसवून झाले की सुट्टीच्या दिवशी एक चाचणी करावी. सुडो पॉवरऑफ देऊन सर्व्हर नीट बंद करावा, राउटरही बंद करावा, आणि शक्य असेल तर रात्रभर तसेच ठेवावे. सकाळी दोन्ही एकाच वेळी चालू करावेत, कारण लाइट आल्यावर तसेच होते आणि सर्व्हर बहुधा राउटरच्या आधी तयार होतो. दहा मिनिटांनी क्रोनीसी सोर्सेसमध्ये तारा दिसला पाहिजे, फोनवर संकेतस्थळे उघडली पाहिजेत, आणि कॅमेऱ्याच्या चित्राच्या कोपऱ्यातील सेकंद फोनवरील घड्याळाच्या सेकंदांबरोबर पडले पाहिजेत. तारा दिसत नसेल तर आकडी पत्त्याच्या ओळीतील रीच आधी पाहावा. तिथे उत्तर येत असूनही इतर स्रोतांची नावे सापडत नसतील, तर डीएनएस एकदा पुन्हा सुरू करावा. आणि त्या ओळीतही उत्तर नसेल, तर राउटरपासून तपास सुरू करावा.